सभेतले बोलणे वहीत कधी उतरणार?



२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. या तारखांच्या सुमारास आपल्या बदनापूर तालुक्यात गावोगाव ग्रामसभा भरते. शाळेच्या पटांगणात सतरंजी पडते, हजेरीच्या वहीवर सह्या-अंगठे होतात, चहा फिरतो आणि तासाभरात सतरंजी झटकली जाते. संध्याकाळी कुणाला विचारावे, "काय झाले हो सभेत?" तर उत्तर ठरलेले, "काय व्हायचंय? नेहमीचंच!"

आम्ही पेशाने कारकून. आवक-जावक रजिस्टर, टिपणी आणि नकला यांतच आमची वीस वर्षे गेली. त्यामुळे एक गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक आहे. कचेरीत तोंडाने बोललेले वाऱ्यावर जाते आणि कागदावर लिहिलेले उरते. ग्रामसभेचेही तसेच आहे. ते आम्ही कसे पाहिले, ते आज सांगतो.

मागे एका १५ ऑगस्टला आम्ही तालुक्यातल्या एका खेड्यात आत्याबाईंकडे गेलो होतो. तिथे आपल्या वस्तीचे सांडपाणी विहाराच्या भिंतीला लागून वाहत जाऊन हातपंपाच्या ओट्याखाली मुरत होते. त्या पावसाळ्यात दोन लेकरांना कावीळ झाली होती. ग्रामसभा सुरू झाली आणि वस्तीतली एक बाई उठून उभी राहिली. शिक्षण चौथी, पोट खुरपणीवर. पदर सावरून तिने विचारले, "आमची नाली कवा व्हणार?"

सभा चिडीचूप झाली. कारण समोर खुर्चीवर बसलेल्यांपैकी एकाच्याच शेतात ती रोज कामाला जात होती. "बघू, पुढच्या आराखड्यात घेऊ," असे उत्तर आले आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी तिला कामाचे बोलावणे आले नाही. आठ दिवसांची मजुरी बुडाली.

पुढे वस्तीतल्या पोरांनी त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मिळवली. त्यात जमाखर्चाला मंजुरी होती, झाडे लावण्याचा ठराव होता आणि शेवटी 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' असे वाक्य होते. नालीचे नावही नव्हते. आत्याबाई आम्हाला म्हणाल्या, "बापू, तिनं आठ दिसाची मजुरी घातली, अन् वहीत एक अक्षर न्हाई!"

ते वाक्य आमच्या मनातून आजही जात नाही.

बंधू-भगिनींनो, ठराव ही काय चीज आहे, हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक असणार? १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला धरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो वहीतच पडून राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यानंतर काय घडले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. मग कोर्टकचेरी झाली आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आपल्या मराठवाड्याचेच पाहा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती घरे जळाली, किती माणसे गेली, हे वेगळे सांगायला नको.

यातून दोन गोष्टी दिसतात. वहीत नसलेले बोलणे फुकट जाते. आणि वहीत असलेला ठरावही, त्याच्यामागे माणसे उभी राहिली नाहीत तर, झोपून राहतो.

गावच्या सभेबद्दल बाबासाहेब सावध होते. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना संरक्षण असल्याशिवाय पंचायतीच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. ज्याच्या शेतात राबायचे त्याच्याचसमोर उभे राहून हक्क मागायचा, हे किती अवघड आहे, ते त्यांनी जाणले होते. १९९३ पासून ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत आपल्याला आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. तरी खुरपणाऱ्या बाईची भीती कायद्याने आपोआप जात नाही. ती जाते एकीने.

त्या गावात तसेच झाले. कापूस वेचणीचे दिवस आले. बायकांनी निरोप धाडला, "यायचं तर सगळ्याजणी, नाही तर कुणीच नाही." बोलावणे सगळ्यांना आले. पुढच्या ग्रामसभेला अकरा जणी एकत्र गेल्या. सोबत चाळीस सह्यांचा अर्ज होता. आधीच्या महिला सभेत त्यांनी नालीचा विषय मांडून ठेवलाच होता. सूचक एक, अनुमोदक एक, असा रीतसर ठराव लिहिला गेला आणि तो तिथेच मोठ्याने वाचून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी नाली झाली. उरलेली निम्मी त्याच ठरावाची नक्कल दाखवून मागता आली.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच आहे :

आपला विषय सभेच्या आधीच लेखी द्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. पोच दिली नाही तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

सभेला गटाने जा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि ती पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग चार डोकी गावाचा निर्णय घेतात. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारून ठेवा.

ग्रामसभेआधी होणारी महिला सभा वाया घालवू नका.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, ते दरवर्षी विचारा.

इतिवृत्ताची नक्कल मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेवढेही शुल्क नाही.

आता खुद्द बदनापूर शहरात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. नावात 'नगर' आले, पण ग्रामसभा गेली. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत बोलण्याचा हक्क सदस्यांचा आहे, तुमचा-आमचा नाही. वॉर्ड समित्यांचे घटनेतले बंधन तीन लाखांवरच्या शहरांना आहे. २००९ साली राज्याने शहरांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली खरी, पण तीही बहुतेक कागदावरच राहिली. मग करायचे काय? प्रभागातल्या लोकांनी महिन्यातून एकदा विहारात किंवा समाजमंदिरात बसावे. नगरसेवकाला बोलवावे. तक्रारी लिहून मुख्याधिकाऱ्यांकडे द्याव्यात आणि पुढच्या बैठकीत मागच्या अर्जांचे काय झाले ते वाचावे. सभा कुणी भरवत नसेल तर आपण भरवावी.

आपली शिकलेली मुले-मुली बारावी होतात, पदवी घेतात, मोबाईलवर तासन् तास बसतात. त्यांतल्या एकाने किंवा एकीने वस्तीचा अर्ज लिहिण्याचे काम अंगावर घेतले तरी पुष्कळ झाले. एक फाईल, एक पेन आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून न हलणारा माणूस, एवढ्या भांडवलावर वस्तीचे काम उभे राहते.

त्या माउलीची आठ दिवसांची मजुरी गेली, ती परत मिळाली नाही. पण पुढच्या बाईला एकटीने उठावे लागू नये, एवढे तर आपल्या हाती आहे. येत्या ग्रामसभेला तुमच्या वस्तीतली एखादी उठली, तर तिच्या शेजारी उभे राहा आणि खाली बसण्याआधी विचारा, "साहेब, हे वहीत लिहिलं का? जरा वाचून दाखवा."

जयभीम!