चाळणीत धरलेले आकाश

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रेडिओ-दुर्बिणीवर लिहावे, हा काहींना आगंतुकपणा वाटेल. ‘तुम्ही कविता पाहा, तारा आम्ही पाहतो,’ असे विज्ञान शिकणारा माझा मित्र म्हणालाच. म्हणूनच हे लिहीत आहे.

नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी, तर १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली. गंमत अशी, की या तबकड्या पत्र्याच्या नाहीत; पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. चाळणीत पाणी राहत नाही, मग आकाशातील लहरी कशा राहाव्यात? जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. आणि हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची, बाकीच्या लहरी त्याहूनही लांब. एवढ्या लांब लहरीला जाळी सलग आरशासारखीच. वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून सांगाडा हलका झाला, खर्च आटोक्यात आला.

माझे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे काय धरायचंय ते आधी ठरवलं, मग वीण ठरवली.” मला पानभर लागले, त्यांना एक वाक्य पुरले. पुढे त्यांनी विचारले, “मग हे तू का नाही शिकलास?” मी गप्प बसलो. गणिताला भिऊन मी कलाशाखेत आलो, हे त्यांना कधी सांगितलेच नव्हते.

अशा रचनेला ‘गरिबाची युक्ती’ म्हणून पाठ थोपटणे मला पटत नाही. काय गाळले तरी चालते हे नेमके कळायला अभ्यास लागतो. उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण डॉ. स्वरूप यांनीच १९७० साली उभारली. तेथील अक्षांशाएवढाच, सुमारे ११ अंशांचा, उतार असलेली टेकडी शोधली; त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून तारा पाठलागता येऊ लागला. ही काटकसर नव्हे, हा विचार आहे. आणि विचारावर कोणत्याही शाखेचा मक्ता नाही.

आमच्या सहली देवळे नि किल्ले सोडून जात नाहीत. विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञानप्रदर्शन भरत आले आहे. प्राध्यापकांना विनंती, की एकदा तिकडे सहल न्यावी. वडिलांनाही नेण्याची परवानगी मिळाली, तर मी त्यांच्या शेजारी बसेन.