उंबरठा आणि आयकर

आमच्या घराच्या मागच्या दाराला चांगला सहा इंच उंचीचा उंबरठा होता. पावसाचे पाणी आणि विंचूकिरडू आत येऊ नये म्हणून पणजोबांनी तो मुद्दाम उंच बसवला होता. साठ वर्षे आजीने तो दिवसातून पन्नास वेळा ओलांडला असेल. २०२४ च्या श्रावणात, पहाटेच्या अंधारात संडासाकडे जाताना तिचा पाय त्याला अडखळला आणि खुब्याचे हाड मोडले. तिचे वय तेव्हा ७९.

शस्त्रक्रिया झाली, आजी वॉकर घेऊन घरी आली, आणि मग आम्हांला कळले की आमचे घर तिचे राहिलेले नाही. मोरीच्या दारातून वॉकर आत जाईना. संडासात उकिडवे बसणे डॉक्टरांनी बंद केलेले. अंगणातून ओसरीवर यायला तीन पायऱ्या, त्यांना कठडा नाही. चार दिवस ती माजघरातल्या खाटेवर पडून राहिली आणि मुकाट्याने पाणी पिणे कमी करू लागली. का, ते आईला पाचव्या दिवशी समजले. स्वाभिमानी माणसाला दुसऱ्याच्या आधाराने संडासला जाण्यापेक्षा तहान परवडते, हे मी त्या आठवड्यात शिकलो.

मग गवंडी आला. उंबरठा काढून तिथे उतार केला, मोरीची चौकट फोडून दार रुंद केले, कमोड बसवला, भिंतीला दोन स्टीलच्या दांड्या ठोकल्या, खडबडीत फरशी घातली. सगळे मिळून ५२ हजार रुपये लागले. वडील शिक्षक आहेत. त्यांनी ते पतपेढीतून काढले.

वाचकहो, हा घरगुती तपशील एवढा सांगण्याचे कारण पुढे आहे. मार्च महिन्यात वडील आयकराचा हिशेब करायला बसले. त्या वर्षी ते जुन्याच करपद्धतीत होते. विमा नसलेल्या वृद्ध आईवडिलांच्या औषधोपचाराचा खर्च त्या पद्धतीत ५०,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा होतो, पैसे रोखीने दिलेले नसले म्हणजे झाले. तेव्हा शस्त्रक्रियेचा खर्च त्यांनी दाखवला. गवंड्याच्या ५२ हजारांना मात्र कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. म्हणजे हाड मोडल्यावरचा खर्च सरकारला मान्य. ते पुन्हा मोडू नये म्हणून केलेला खर्च ही तुमची हौस!

दिव्यांगांसाठी सवलत आहे, नाही असे नाही. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची आणि ऐंशी टक्के असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. पण ती ठरावीक रक्कम आहे. घर सुधारा अथवा सुधारू नका, तेवढीच. आजीसारख्या केवळ म्हातारपणाने थकलेल्या माणसाजवळ असा दाखला नसतोच. २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू झाले, २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा आला. त्यांचा सारा रोख स्थानके, कचेऱ्या, न्यायालये यांवर राहिला. ते आवश्यकच आहे. परंतु ज्याला स्वतःच्या मोरीत जाता येत नाही तो कचेरीच्या उतारापर्यंत पोचणार कसा?

कॅनडा देशाने हा प्रश्न करकायद्यात घेतला आहे. २०१६ पासून तेथे ६५ वर्षांवरील व्यक्तीसाठी किंवा अपंग-सवलतीस पात्र असलेल्या व्यक्तीसाठी घरात उतार, दांड्या, सोयीचे न्हाणीघर असे टिकाऊ काम केले, तर त्या खर्चाचा काही भाग थेट करातून वजा होतो. आरंभी १०,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरत, २०२२ पासून २०,००० धरू लागले. त्या वर्षी पंधरा टक्क्यांच्या दराने जास्तीत जास्त ३,००० डॉलर सुटत.

हे मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मोठ्या उत्साहाने सांगितले. सर हसले. म्हणाले, "सवलत म्हणजे भोक. उद्या लोक संगमरवर बसवतील आणि आजीच्या नावावर खपवतील." याला कॅनडात उत्तर आहे: घराची किंमत वाढवणे हा मुख्य हेतू असलेले काम तेथे चालत नाही. सरांचा दुसरा प्रश्न मात्र मला निरुत्तर करून गेला. "तुझे वडील यंदा कर किती भरणार?"

काहीच नाही! २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पगारदाराला कर लागत नाही. वडीलही त्या पद्धतीत गेले. तिच्यात वरच्या वजावटीही मिळत नाहीत. कॅनडातली ती सवलतसुद्धा परत मिळणारी नाही. कर असेल तर कमी होतो, नसेल तर हातात काही येत नाही. मग जो करच भरत नाही त्या शेतमजुराला, विडी वळणाऱ्या म्हातारीला करसवलतीचा काय उपयोग? शहरातल्या बंगलेवाल्याचा उतार सरकारी पैशाने होईल आणि आमच्या गल्लीतले उंबरठे आहेत तिथेच राहतील.

तरीही सवलत नकोच, असे मी म्हणणार नाही. जे कर भरतात त्यांच्या घरीही म्हातारी माणसे आहेत, आणि नव्या पद्धतीत एवढी एक वजावट ठेवल्याने खजिना रिता होणार नाही. मात्र तिच्या जोडीला, कर न भरणाऱ्यांना त्याच कामासाठी थेट अनुदान हवे. अनुदानाशिवाय सवलत आणली तर ती अन्यायाचीच होईल. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा असा नियम आहे. त्यातून घरातल्या अशा कामाचा निम्मा खर्च द्यावा, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना दाखल्याची अट न घालता त्यात घ्यावे; निधी अपुरा पडेल तिथे राज्याने भर घालावी. यात वशिला चालेल, खोटी बिले येतील, हे मला ठाऊक आहे. पण भिंतीत ठोकलेली दांडी ग्रामसेवकाला डोळ्यांनी पाहता येते, हाताने ओढून पाहता येते. कागदावरच्या अनेक योजनांविषयी एवढेही म्हणता येत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी दत्तक गावात रस्ता झाडतो आणि भिंतींवर घोषणा रंगवतो. यंदा हातात मोजपट्टी घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी जावे, मोरीच्या दारांची रुंदी आणि उंबरठ्यांची उंची लिहून घ्यावी, आणि ती यादी ग्रामसभेपुढे ठेवावी, असे मी कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुचवले आहे. आमच्या घरापासून सुरुवात करायला हरकत नाही. मागचा उंबरठा गेला; ओसरीच्या पायऱ्यांना कठडा अजून व्हायचा आहे.