बकरीचे दूध प्या. पण तापावर नव्हे

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक विचारणा हटकून येते: बकरीचे दूध कुठे मिळेल? कुणाच्या तरी घरात डेंग्यूचा रुग्ण असतो, प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि पपईच्या पानांचा रस, किवी व बकरीचे दूध असा तिहेरी उपाय कुणीतरी सुचवलेला असतो. एरवी वर्षभर या दुधाची आठवण कुणाला येत नाही. खटकते ते हेच. अन्न म्हणून बकरीचे दूध गाईच्या दुधाच्या पंक्तीला बसण्याजोगे आहे. औषध म्हणून त्याची ख्याती निराधार आहे, आणि या ख्यातीमुळेच ते रोजचे अन्न होत नाही.

दोन्ही दुधांची तुलना करू गेल्यास फरक आपण समजतो त्याहून बराच कमी निघतो. प्रथिने दोन्हीकडे साधारण सव्वातीन-साडेतीन टक्के, स्निग्धांश साडेतीन-चारच्या आसपास. शंभर ग्रॅममागे कॅल्शियम बकरीच्या दुधात 130 मिलिग्रॅमच्या आसपास, गाईच्या दुधात 115 च्या. खरा वेगळेपणा घडणीत आहे. बकरीच्या दुधातले स्निग्धकण बारीक असतात आणि ते एकमेकांना फारसे चिकटत नाहीत, म्हणून त्यावर साय कमी धरते. दही घट्ट गोळ्यासारखे न होता मऊ लागते, कारण बऱ्याच बकऱ्यांच्या दुधात केसिनचा एक विशिष्ट प्रकार कमी असतो. हे दूध पोटाला हलके वाटते असे सांगणारे लोक उगाच बोलत नाहीत. पण इथून पुढे थोडे सावध राहायला हवे. दुधाने पोट फुगते म्हणून बकरीकडे वळणाऱ्यांना फारसा लाभ नाही, कारण दुग्धशर्करा गाईच्या दुधात पावणेपाच टक्के असेल तर इथे साडेचारच्या जवळपास असते. ज्या मुलांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्यांतल्या दहापैकी नऊंना बकरीचे दूधही सोसत नाही, कारण दोन्हींतली प्रथिने फार मिळतीजुळती आहेत. ‘ए-टू’ या प्रथिनाच्या नावाने बकरीच्या दुधाचा जो गुण मिरवला जातो, तो तर आपल्या बहुतेक देशी गाईंच्या दुधातही असतोच.

आता प्लेटलेटचे. डेंग्यूचा विषाणू मारणारे किंवा प्लेटलेट वाढवणारे काही या दुधात असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. मग इतक्या लोकांना गुण कसा येतो? याचे उत्तर आजाराच्या चालीत आहे. ताप येऊन तीन-चार दिवस झाले की प्लेटलेट घसरू लागतात, आणि आठवड्याच्या सुमारास बहुतेक रुग्णांत त्या आपसूक वर चढतात. नातेवाईक दूध शोधायला निघतात ते अहवालातला आकडा पाहून, म्हणजे घसरण तळाला पोचत असताना. दोन दिवस दूध पाजेपर्यंत आकडा चढायची वेळ आलेलीच असते. त्या दोन दिवसांत रुग्णाला नारळपाणी दिले असते तरी श्रेय नारळाला गेले असते. शिवाय या दिवसांत खरा धोका आकड्याहून जास्त रक्तवाहिन्यांतून झिरपणाऱ्या द्रवाचा असतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यांतले काही दिसले तर घरच्यांनी दुधासाठी वाड्या पालथ्या घालायच्या नसतात, रुग्णालय गाठायचे असते.

यावर पहिला आक्षेप आयुर्वेदाचा येतो, आणि तो पनवेलमध्ये हसण्यावारी नेता येत नाही. धूतपापेश्वरसारखा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे 1872 पासून आहे. संहितांमध्ये बकरीच्या दुधाची स्तुती आहे हे खरे. ते हलके आणि ग्राही मानले आहे, अतिसार, खोकला, क्षय यांत सांगितले आहे; बकरी थोडे पाणी पिते, कडू-तिखट पाला खाते, सतत हिंडते, हे कारणही दिले आहे. पण हे सारे प्रकृती आणि व्याधी पाहून, बहुधा औषधांबरोबर शिजवून द्यायचे पथ्य आहे. त्यावरून प्रयोगशाळेच्या अहवालातल्या एका आकड्यावरचा उतारा काढणे हा ग्रंथावरही अन्याय आहे. या दुधाच्या बाजूने दुसरा दाखला गांधीजींचा दिला जातो. 1918 च्या आजारपणात ते हवापालटासाठी इथून जवळच्या माथेरानला येऊन गेले. पुढे मुंबईत कस्तुरबांच्या सुचवण्यावरून बकरीचे दूध घेऊ लागले. त्यामागे गुणधर्मांचा विचार नव्हता. जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणाऱ्या ‘फुक्या’च्या क्रौर्याने व्यथित होऊन त्यांनी दूध न घेण्याचे व्रत घेतले होते, आणि बकरीच्या दुधाने शब्द पाळला तरी व्रताचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: गुण नसेल, पण अपाय तरी काय? अपाय आहे. गाई-म्हशीचे दूध आपण सवयीने उकळतो. औषध म्हणून आणलेले बकरीचे दूध मात्र ‘ताकद जाईल’ म्हणून पुष्कळदा धारोष्ण, कच्चेच दिले जाते. बकरीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा ताप होऊ शकतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना ग्रासणाऱ्या याच तापाचा जंतू 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी शोधला, 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी त्याचा माग बकऱ्यांपर्यंत काढला, आणि छावणीतले बकरीचे दूध बंद करताच रोग झपाट्याने ओसरला. आधीच ताप असलेल्या माणसाला हे कच्चे दूध पाजणे म्हणजे जुगार आहे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. या दुधात फोलेट गाईच्या दुधाच्या जेमतेम पाचवा हिस्सा असते. केवळ त्यावर वाढवलेल्या मुलांत होणारा पांडुरोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन डॉक्टरांनी नोंदवून ठेवला आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला नुसते गाईचे दूधही योग्य नाही, म्हणून हा दोष एकट्या बकरीचा नव्हे. पण ‘आईच्या दुधासारखेच’ हा गैरसमज इथे घातक ठरतो.

या हंगामी मागणीने बकरी पाळणाऱ्याचे तरी भले होते का? पनवेलच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर-कातकरी वाड्यांवर बकऱ्या असतात त्या विकायला. दूध मुख्यतः करडांचे. उस्मानाबादीसारखी जात दिवसाला अर्धा ते दीड लिटर देते, इकडच्या गावठी बकऱ्या त्याहून कमी. त्यातही कोकणचा पाऊस बकरीला सोसत नाही. खूर कुजतात, जंत होतात, चरायला सोडणे अवघड होते. मागणी शिगेला पोचते ती नेमकी याच काळात. मग भाव भरमसाट वाढतो, भेसळीला वाव मिळतो, करडाच्या तोंडचे दूध काढले जाते आणि ऑक्टोबर संपता संपता गिऱ्हाईक नाहीसे होते. अशा बाजाराच्या भरवशावर कुणी दुभती बकरी पाळणार नाही. देशातल्या एकूण दुधात बकरीचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. तो वाढवण्यासाठी जास्त दूध देणाऱ्या बकऱ्यांची पैदास, पावसाळ्यासाठी उंच माचाचे गोठे, कळपाची ब्रुसेलाची तपासणी आणि दूध तापवून पिशवीत भरण्याची सोय लागेल. असे दूध गाईच्या दुधाहून महागच पडेल आणि घेणारी घरे थोडीच असतील. पण ती जानेवारीतही घेतील.