दिवा मोठा नव्हे, जागा नेमकी हवी

शाळांच्या विज्ञानप्रदर्शनांत घरीं केलेला प्रोजेक्टर हटकून दिसतो. पुठ्ठ्याचें खोकें, त्याच्या भोंकांत एक बहिर्गोल भिंग, आंत दिवा व चित्र. आणि भिंतीवर अंधुक सावल्या. मग विद्यार्थी म्हणतो, "दिवा कमी पडला," आणि वडील दुसऱ्या दिवशीं दुप्पट शक्तीचा दिवा आणून देतात. आमच्या मतें हा खर्च बहुधा व्यर्थ होय. उजेड कमी नसतो. तो वाटेंत सांडतो.

दिव्याचे किरण चहूंकडे पसरतात. चित्राच्या मध्यांतून गेलेले थोडे पुढच्या भिंगांत शिरतात. कडेचे खोक्याच्या बाजूंवर आपटून नाहींसे होतात. म्हणून पडद्यावर मधोमध उजेड व कडेला काळोख. यासाठीं चित्राहून थोडें मोठें असें दुसरें बहिर्गोल भिंग दिवा व चित्र यांच्यामध्यें, चित्राला लागून ठेवावें. यास संग्राहक भिंग म्हणतात. त्यानें दिव्याची प्रतिमा चित्रावर नव्हे, तर पुढच्या प्रक्षेपक भिंगावर पाडली पाहिजे. येथेंच बहुतेक मुलें फसतात. उजेड चित्रावर एकवटला कीं काम झालें असें त्यांस वाटतें. परंतु तसें केल्यास चित्राबरोबर दिव्याचा डागही पडद्यावर उमटतो. चित्र काढून घ्यावें, प्रक्षेपक भिंगाच्या जागीं पांढरा कागद धरावा आणि त्यावर लहान, रेखीव ठिपका येईपर्यंत दिवा पुढेंमागें सरकवावा. दिव्याकडे भिंगांतून पाहूं मात्र नये.

आतां पुढच्या भिंगाचें पाहूं. त्याचें नाभीय अंतर २० सें.मी. असेल व चित्र त्यापासून २२ सें.मी.वर असेल, तर पडदा २२० सें.मी.वर लागतो व चित्र दसपट होतें. तेंच चित्र २१ सें.मी.वर आणा, पडदा एकदम ४२० सें.मी.वर जातो व चित्र वीसपट होतें. एका सेंटिमीटरनें दोन मीटरांचा फरक! म्हणून हें भिंग सरकत्या नळींत बसवावें, डिंकानें कायमचें चिकटवूं नये. शिवाय चित्र दुप्पट लांबरुंद केलें कीं तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, हें मोठ्या चित्राचा हट्ट धरणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. (चित्र उलटें ठेवावयाचें, हें सांगणे नलगे, तरी दरवर्षीं कोणी तरी विसरतोच.)

हॉलंडमध्यें ख्रिस्तिआन हायगेन्स यानें १६५९ सालीं अशा कंदिलाची आकृति काढली, तेव्हां विजेचा दिवा नव्हता. आपल्याकडे कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नांवानें काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले, तेव्हांही घरोघर वीज आलेली नव्हती. उजेड जपून वापरणें त्यांस भागच होतें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, तयार संच विकत आणूं नये, आणि मुलाच्या हातांतून भिंग काढून घेऊन आपण यंत्र पुरें करूं नये. दोन भिंगें, एक मोजपट्टी आणि एक मोकळी संध्याकाळ त्यास द्यावी. प्रदर्शनाच्या परीक्षकांनींही चित्र किती झगझगीत आहे एवढेंच पाहून गुण देऊं नयेत. दिवा दोन सेंटिमीटर मागें घेतल्यास पडद्यावर काय होईल, असें विचारावें, आणि उत्तर येण्यापूर्वीं दिव्यास हात लावूं देऊं नये.