अंगणांतील निलगिरी

निलगिरीचें झाड दारांत असावें, अशी हौस पुष्कळ घरांतून दिसते. गुळगुळीत पांढुरकें खोड आणि पावसानंतर दरवळणारा वास पाहतां ती स्वाभाविकच आहे. मूळच्या ऑस्ट्रेलियांतील या झाडाची १८४३ सालीं निलगिरीच्या डोंगरांत लागवड झाली आणि डोंगराचेंच नांव त्यास मिळालें. सर्दीवरील तेल देणारी जात मात्र तेथल्या थंड हवेंतली. आपल्याकडे लिंबाच्या वासाची जात चांगली तग धरते. तिचें तेल साबणाच्या कामीं येतें, औषधाच्या नव्हे.

अणदूर-नळदुर्गाकडील मुलूख अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत आहे. २०१६ सालीं शेजारच्या जिल्ह्यांत, लातुरास, आगगाडीनें पाणी आणावें लागलें. निलगिरी भराभर वाढते, ती भराभर पाणी ओढूनच. म्हणून ती आडाजवळ, भिंतीजवळ वा तुळशीवृंदावनापाशीं लावूं नये.

हौस पुरवावयाचीच तर एकच झाड कुंपणाच्या कडेस लावावें. पावसाळ्याच्या आरंभीं लहान रोप घ्यावें. कुंडींत मुळें गुरफटलेलें मोठें रोप पुढें वाऱ्यानें कलंडतें. झाड चांगलें रुजल्यावर दर दोन वर्षांनीं बुंधा वीतभर राखून छाटावें. त्यास पुन्हा धुमारे फुटतात, सुवासिक कोवळीं पानें हाताशीं राहतात, आणि पाला बेताचा राहिल्यानें पाण्याची ओढहि आटोक्यांत राहते.

परदेशच्या पाहुण्याचा मान अवश्य राखावा. परंतु आडाच्या पाण्यांत पहिला वांटा घरच्या माणसांचा.