पाणी आलं का?

भरतपूरला सगळे डिसेंबरात जातात. पण तिथल्या पक्ष्यांच्या वर्षाचा निकाल जुलै-ऑगस्टमध्येच लागलेला असतो. म्हणून या वेळी थोडं ऑफ-सीझन भरतपूर!

'ख्रिसमसच्या सुट्टीत कुठे?' या प्रश्नाची आपल्या ग्रुपमध्ये ठरलेली उत्तरं असतात. गोवा. गोव्याचं बुकिंग मिळालं नाही तर कोकण. आणि ग्रुपमधल्या कुणी नुकताच मोठ्ठी लेन्सवाला कॅमेरा घेतला असेल, तर भरतपूर! लेन्सचा ईएमआय वसूल करायचा तर तिथेच, असा एक समज आहे. आणि खरं सांगायचं तर तो काही अगदीच चुकीचा नाही. डिसेंबरात तिथे सकाळी धुकं वर उचलायला लागलं की समोरच्या पाण्यावर इतकी बदकं दिसतात, की आधी कुठे बघू तेच कळत नाही.

पण हे म्हणजे एखाद्याच्या वर्षभराच्या कामातला फक्त अप्रेझलचा दिवस बघण्यासारखं झालं. उरलेले अकरा महिने तिथे काय चालतं? तेच जास्त इंटरेस्टिंग आहे, बॉस. आणि जास्त टेन्शनचंही.

आधी थोडी ओळख. सरकारी नाव केवलादेव राष्ट्रीय उद्यान. आतमध्ये केवलादेवाचं, म्हणजे शंकराचं जुनं देऊळ आहे, त्यावरून हे नाव. तिथले लोक मात्र नुसतं 'घना' म्हणतात. जागा जेमतेम 29 चौरस किलोमीटर, आणि त्यातला साधारण एक तृतीयांश भाग पाण्याखाली जाणारा. एवढ्याशा जागेत साडेतीनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. 1981 मध्ये रामसर यादीत नाव आलं, 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1985 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. सीव्ही एकदम झकास!

आता त्या सीव्हीत पटकन न दिसणारी गोष्ट. हे तळं निसर्गाने एकट्याने केलेलं नाही. मुळात हा सखल भाग. अठराव्या शतकात सूरजमल जाटाच्या काळात इथे अजान बांध घातला गेला. पुढे भरतपूरच्या राजांनी बंधारे, पाट आणि झडपा बसवून या सखल भागाचे कप्पे पाडले. कशासाठी? तर बदकांच्या शिकारीसाठी! आपण ज्याला पक्ष्यांचा स्वर्ग म्हणतो, तो मुळात व्हाइसरॉय आणि पाहुण्यांच्या बंदुकांसाठी सजवलेला होता. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवशी लॉर्ड लिनलिथगो आणि मंडळींनी 4,273 पक्षी पाडले. शिकारींच्या या नोंदी दगडावर कोरलेल्या आहेत आणि आजही आत बघायला मिळतात. मंडळी त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि मग गप्प होतात.

थोडक्यात, इथे पाणी आपोआप साचत नाही. ते कुणीतरी सोडावं लागतं. एवढं डोक्यात ठेवलं की घनाचे चारही ऋतू समजायला सोपे जातात.

पावसाळा : खरी गडबड

जुलैत पाऊस लागतो आणि पाटाने पाणी आत येऊ लागतं. पाण्याबरोबर मासळीची पिल्लं येतात. कप्पे भरतात आणि बाभळींचे बुंधे पाण्यात उभे राहतात. बास, याचीच वाट बघणारी मंडळी असते! पाणकावळे, बगळे, तिरंदाज, चमचे, उघड्या चोचीचे करकोचे. आणि थोड्या दिवसांनी सगळ्यात देखणे, रंगीत करकोचे. एकेका बाभळीवर इतकी घरटी होतात, की आपल्या मुंबईतल्या चाळीही मोकळ्या वाटाव्यात. आवाज, वास, भांडणं, काड्यांची चोरी, सगळं कसं शेजाऱ्यांना शोभेल असं.

घरटी नेमकी पाण्यातल्याच झाडांवर का? कारण खाली पाणी असलं की कोल्हा, रानमांजर असल्या पाहुण्यांना झाडापर्यंत पोचणं अवघड जातं. आणि पिल्लांची भूक भागवायला मासे हाकेच्या अंतरावर. उघड्या चोचीच्या करकोच्याचा मेनू वेगळा. त्याला गोगलगायी लागतात. त्याच्या वरच्या आणि खालच्या चोचीत जी फट दिसते ना, ती व्यंग नाही, शंखातून गोगलगाय काढायच्या कामाचं अवजार आहे.

त्याच पाण्यावर पसरलेल्या पानांवरून लांब शेपटीचा कमळपक्षी तुरुतुरु चालत असतो. याच्या घरचा हिशेब आपल्याकडच्या सासू-सुनेच्या सीरियलवाल्यांना झेपणार नाही. मादी एका नराला अंडी देते आणि पुढच्या नराकडे निघून जाते. अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ड्यूटी पूर्णपणे बाबांची. पॅटर्निटी लीव्ह मागणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

तर ही सगळी धमाल ऑगस्ट ते ऑक्टोबर. टुरिस्ट त्या मानाने कमी, हवा दमट, डास भरपूर. पण घरट्यात मान उंच करून ओरडणारं पिल्लू बघायचं असेल तर हाच सीझन.

हिवाळा : पाहुण्यांची लाइन

ऑक्टोबर संपता संपता उत्तरेकडून बदकं उतरायला लागतात. तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, छोटी चक्रांग. आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी डोक्याचे राजहंस. हे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. यांचेच भाऊबंद आपल्या भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात येतात. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसला तर ओळख दाखवायला हरकत नाही. त्याला आपल्याकडे 'वारकरी' म्हणतात. टिळा लावून, घोळक्याने निघालेला. दुसरं कुठलं नाव शोभलं असतं?

थंडीतल्या उन्हाला अजगर बिळाबाहेर येऊन पसरलेले असतात. आकाशात गरुड आणि भोवत्ये घिरट्या घालतात आणि त्यांची सावली पडली की हजारो बदकं एकदम उठतात. तो आवाज कुठल्याही कॅमेऱ्यात नीट येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मात्र एक पाहुणा आता येत नाही. सैबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा. पश्चिम सैबेरियातून निघून अफगाणिस्तानातल्या आब-ए-इस्तादा तळ्यावर थांबत तो घनाला यायचा. 1964-65 च्या हिवाळ्यात इथे असे 200 पक्षी होते. मग आकडा उतरत गेला. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी आली. त्यानंतर कुणीही नाही. वाटेवरची शिकार आणि सुकत गेलेली पाणथळं या दोन गोष्टींनी त्या कळपाला संपवलं. जगात ही जात अजून आहे, पण ते पूर्वेकडचे पक्षी. त्यांचा हिवाळा चीनच्या पोयांग सरोवराकडे जातो. इकडची वाट बंद झाली ती झालीच. घनाच्या बाजूने पाणी असूनही, वाटेतलं एखादं स्टेशन गेलं की अख्खी गाडीच रद्द होते, असा त्याचा अर्थ.

वसंत आणि उन्हाळा : आवराआवर

फेब्रुवारीच्या शेवटाला बदकं अस्वस्थ व्हायला लागतात. मार्चमध्ये एकेक कळप निघतो. आपल्याकडे भोरड्या म्हणतात त्या गुलाबी मैनांचे थवेही याच सुमाराला परतीच्या वाटेवर दिसतात. एप्रिलपासून पाणी आटतं. मोठं तळं छोट्या डबक्यांवर येतं आणि उरलेले मासे, कासवं आणि त्यांना खाणारे पक्षी सगळे त्याच डबक्यांभोवती गोळा होतात. पारा 45 पर्यंत जातो, लू चालते. सारसाची जोडी मात्र तिथेच. ती कुठेही जात नाही.

हे आटणं वाईट असतं असं समजू नका. जमीन सुकणं, तापणं आणि पुन्हा भिजणं हा या तळ्याचा श्वास आहे. प्रश्न एकच. जुलैत पुन्हा पाणी येणार का?

ज्या वर्षी पाणी आलं नाही

घनाकडे येणारी मुख्य नदी गंभीर. तिच्यावर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात पांचना धरण आहे. 2004 मध्ये वाद पेटला. धरणाचं पाणी शेतीला की पक्ष्यांना? शेतकऱ्यांचा मुद्दा सरळ होता. आमच्या भागात पाऊस कमी, पिकं वाळतायत, आणि पाणी तुम्ही बदकांना देणार? पाणी शेतीकडे राहिलं. घनाला एका सीझनला साधारण 550 दशलक्ष घनफूट पाणी लागतं, त्या वर्षी त्याचा अगदी किरकोळ हिस्सा मिळाला. बाभळी कोरड्या जमिनीवर उभ्या राहिल्या. करकोच्यांनी घरटी बांधायचा विचार सोडून दिला. पुढच्या काही वर्षांतही हीच रड होती आणि युनेस्कोच्या बैठकांपर्यंत हा विषय गेला.

मग पर्याय शोधले गेले. यमुनेच्या पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या गोवर्धन ड्रेनमधून 2012 पासून घनाला पाणी मिळू लागलं. चंबळच्या पाणी योजनेचाही आधार आहे. पण नदीचं पाणी आणि ड्रेनचं किंवा पाइपाचं पाणी यात फरक असतो. नदी सोबत मासळीची पिल्लं, बिया, गाळ असा पूर्ण डबा घेऊन येते. पाइप नुसतं पाणी देतो.

इथे गावकऱ्यांना व्हिलन करायचा मोह होतो. तो आवरा. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरांच्या चराईवर बंदी आली. त्याविरुद्ध लोक उठले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. बंदी राहिली. पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथे वर्षानुवर्षं अभ्यास चालू होता, आणि त्यातून निघालं भलतंच. म्हशी बंद झाल्यावर पास्पॅलम नावाचं गवत माजलं, पाण्याचे कप्पे त्याने गच्च भरले आणि बदकांना पोहायला जागा राहीना. म्हणजे ज्यांना शत्रू समजून बाहेर काढलं, त्या म्हशी फुकटात साफसफाई करत होत्या! पुढे वेड्या बाभळीने जमीन व्यापली तेव्हा ती उपटायला गावकऱ्यांनाच बोलावलं गेलं. लाकूड त्यांना, मोकळी जमीन उद्यानाला. हा सौदा दोघांनाही परवडला.

म्हणून मला वाटतं, आपण डिसेंबरात जाऊन 'वॉव' म्हणतो, ते ठीकच आहे. पण पाण्याचा वाद पेटतो तेव्हा घनाच्या बाजूने बोलायला टुरिस्ट नसतो. कारण तो सीझन नसतो. जुलैमध्येही ज्यांना भरतपूर आठवतं, अशी माणसं वाढली तर फरक पडेल. हॉटेलवाल्याला, गाइडला, रिक्षावाल्याला पावसाळ्यातही चार पैसे मिळाले, तर पाण्यासाठी आग्रह धरणारे हात गावातच वाढतील.

आणि दूर जायचं नसेल, तर नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर आहेच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, म्हणजे तेही माणसाने अडवलेलं पाणी. त्याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात आणि जानेवारी 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. एकाच जागी वर्षातून चार वेळा जाऊन बघा. चार जागी एकेकदा जाण्यापेक्षा जास्त कळतं.

जाता जाता

- कधी : घरटी बघायला सप्टेंबर, दोन्ही सीझनची झलक हवी तर ऑक्टोबरचा शेवट, बदकांसाठी डिसेंबर-जानेवारी. हिवाळ्यात धुक्यामुळे गाड्या रखडतात, तेव्हा सोमवारी सकाळची मीटिंग ठेवू नका.
- कसं : मुंबईहून कोटामार्गे दिल्लीला जाणाऱ्या काही गाड्या भरतपूरला थांबतात. आग्र्याहून अंतर साधारण 55 किलोमीटर.
- आत : सायकल भाड्याने घ्या किंवा रिक्षा करा. इथल्या रिक्षावाल्यांना पक्षी ओळखायचं ट्रेनिंग मिळालेलं आहे आणि त्यांची नजर तुमच्या लेन्सपेक्षा तेज. बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच विचारा, 'या वर्षी पाणी कसं आलं?' पुढचे दोन तास गप्पांना तोटा नाही.
- सोबत : 8 बाय 42 ची दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, पावसाळ्यात डासांचं मलम.
- नंतर : दिसलेले पक्षी, तारीख आणि पाण्याची स्थिती ईबर्डवर टाका. फोटोला लाइक्स मिळतात, पण नोंदी अभ्यासकांच्या कामी येतात.