म्हाताऱ्या सभासदाचं ऐकायचं कोणी?



या पानावर एरवी साखर उतारा, लागणीच्या तारखा, खोडव्याची निगा, नाहीतर ऊस बिलाचा हिशेब असतो. या वेळी थोडा निराळा विषय घेतला आहे. हंगामाच्या धांदलीत तो मागे पडतो, आणि हंगाम संपला की लग्नसराईत मागे पडतो. म्हणून आताच लिहितो.

आपल्या कारखान्याच्या सभासद नोंदवहीत प्रत्येकाचं नाव, गाव, शेअरचा नंबर आणि वारसाचं नाव आहे. कोणत्या गटात कोणाची किती लागण, आडसाली की सुरू, जात कोणती, हे शेतकी खातं तोंडपाठ सांगेल. पण सत्तरीच्या पुढचे सभासद किती, त्यांतले एकटे राहणारे किती, आणि ज्यांच्याशी दिवसभरात चार वाक्यं कोणी बोलत नाही असे किती, असं विचारलं तर कोणालाच उत्तर देता येणार नाही. ज्या पिढीनं घरातलं सोनं गहाण टाकून शेअर्स घेतले, गाडीवाटेनं ऊस आणून टाकला, तीच ही माणसं आहेत. आज ती सोप्यात बाजेवर बसलेली असतात.

एकटं म्हटलं की मुलं पुण्या-मुंबईला आणि घराला कुलूप, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. तसे आहेतच. मुलगा मळ्यातल्या वस्तीवर राहायला गेला, म्हातारी गावठाणातलं जुनं घर सोडायला तयार नाही, डबा दोन वेळा येतो, डबा आणणारं पोर उंबऱ्यातूनच परत फिरतं, असेही आहेत. पण भरल्या घरातला एकटेपणा त्याहून वाईट. ताट पुढे येतं, धोतर धुऊन मिळतं, औषधाची गोळी हातावर पडते. मात्र बैल विकून ट्रॅक्टर घ्यायचा ठरला ते म्हाताऱ्याला अंगणात ट्रॅक्टर उभा राहिल्यावर समजतं. त्याला काही कमी आहे का? तसं पाहिलं तर नाही. पण त्याला कोणी काही विचारत नाही.

आणखी एक वर्ग आपण सोयीस्कर विसरतो. दिवाळीनंतर टोळ्या आपल्या शिवारात येतात. कोयता घेऊन नवरा-बायको येतात, तान्हं पोरही पाचटात निजतं. मागे गावाकडे म्हातारा-म्हातारी राहतात, पाच-सहा महिने. आपला ऊस वेळेवर जातो त्यात त्या म्हाताऱ्यांचाही वाटा आहे, कारण घर, शेरडं आणि शाळेत जाणारी नातवंडं तेच सांभाळतात. आपल्या कोणत्याच वहीत त्यांचं नाव नाही.

आता मी तुम्हाला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नेतो. सभासद म्हणतील, तिथं भात पिकतो, मोहफूल आणि तेंदूपान गोळा करतात, उसाच्या माणसानं तिथून काय शिकायचं? शेती शिकायची नाही. विचारायचं कसं आणि ऐकायचं कसं, ते शिकण्यासारखं आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत कामाला आले. जिल्हा तेव्हा नवाच, १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग निघाले, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठच. १९८९ साली हा अभ्यास जगापुढे आला तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांना धक्का बसला. मी त्यातून एवढंच घेतो की, दुखणं वर्षानुवर्षं अंगावर होतं, सांगितलं नव्हतं, कारण विचारलं कोणी नव्हतं. आपल्या घरातली म्हातारी ‘मला काही होत नाही रे’ म्हणते, त्यावर आपण किती विसंबायचं, याचा विचार करा.

पुढे शोधग्रामला दवाखाना बांधायची वेळ आली तेव्हा आधी आदिवासींना विचारलं, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का जात नाही? लोक म्हणाले, इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि आमची माणसं जवळ राहू देत नाहीत. म्हणून रुग्णांसाठी गोंडी घरांसारख्या झोपड्या झाल्या, नातेवाइकांना बरोबर राहता येईल अशा. दवाखान्याला नाव मिळालं ते लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. विचारल्यावर ऐकलं, आणि ऐकल्यावर नकाशा बदलला. आपल्याकडे बहुधा नकाशा आधी मंजूर होतो आणि विचारणं सत्काराच्या भाषणात होतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव पुष्कळांनी ऐकलं असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातलं पहिल्यांपैकी एक गाव. त्याची बांबूची गोष्ट वर्तमानपत्रांनी खूप छापली. मला मोलाची वाटते ती त्यांच्या ग्रामसभेची रीत. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. कोणाला पटलं नसेल तर विषय पुन्हा चर्चेला घेतात. अशा सभेत कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीचा आवाज कोणाला ओलांडता येत नाही. तिचं ऐकायचं की नाही हे कोणाच्या दयेवर राहत नाही, कामकाजाच्या नियमातच ते येतं. आपली वार्षिक सभा आठवा. अहवाल वाचून संपायच्या आत पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ चालू होतं, आणि मागे काठी टेकून उभा राहिलेला सभासद तोंड उघडेपर्यंत चहा आलेला असतो.

तिकडे स्वर्ग आहे असं मात्र कोणी समजू नये. त्या दोन्ही जिल्ह्यांतून हजारो मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि आपल्या टोळीवाल्यांसारखेच त्यांचेही म्हातारे गावात मागे राहतात. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे जंगलात जाणाऱ्यांत वयस्क बायामाणसं पुष्कळ, आणि चंद्रपूरकडे वाघाचं भय रोजचं. तरी झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी येतात, रात्रभर नाटक चालतं, आणि म्हातारे-कोतारेही घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. गुरुदेव सेवा मंडळ आहे तिथं संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना असते. रोज येणारं माणूस एक दिवस आलं नाही की चौकशी आपसूक होते. आपल्याकडे हरिपाठ नाही का? आहे. पण आता टीव्हीच्या वेळेला पडतो.

हा विषय निघाला की कोणी तरी लगेच सुचवतं, कारखान्यानं वृद्धाश्रम बांधावा. कोनशिला बसेल, मंत्री येतील, फोटो निघेल. माझा याला विरोध आहे, स्पष्टच लिहितो. ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांच्यासाठी निवारा हवाच. पण तो कसा असावा हे पाहायचं तर वरोऱ्याजवळच्या आनंदवनात जाऊन यावं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ च्या सुमारास उभ्या केलेल्या त्या वसाहतीत वृद्धांचीही सोय आहे. पण भोवती शेती, कारखाने, शाळा, मुलं असं चालतं-बोलतं गाव आहे. आपण बांधू ती चार भिंतींची खोली असेल, गावापासून दोन मैलांवर. आपल्या बहुतेक म्हाताऱ्यांना घर आहे. त्याच घरात त्यांना किंमत हवी आहे.

म्हातारी माणसं फक्त ऐकून घेण्याच्याच उपयोगाची, असंही नव्हे. आफ्रिकेत झिंबाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. मनानं खचलेली माणसं तिथं येऊन आजीपाशी बोलत. त्या दुखण्याला तिकडे ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपल्याकडेही ‘लई विचार करतो’ असंच म्हणतात! २०१६ साली शास्त्रीय तपासणीतही त्या बाकाचा गुण दिसून आला. आपल्या गावात कर्जानं, नापिकीनं खचलेला तरुण कोणापाशी बोलतो? ज्यानं १९७२ चा दुष्काळ काढला तो शेजारच्याच सोप्यात रिकामा बसलेला असतो. कोणत्या विहिरीला त्या साली पाणी टिकलं हेही त्यालाच ठाऊक.

मग आपण काय करावं? नवीन खातं नको, नवीन खर्च नको. ऊस नोंदीला चिटबॉय प्रत्येक सभासदाच्या बांधावर जातोच. गाळप बंद असताना त्यानं गटातल्या सत्तरीपुढच्या सभासदांकडे, आणि मयत सभासदांच्या मागे राहिलेल्या मालकिणींकडे, महिन्यातून एकदा जावं. फॉर्म भरायला नाही, बसायला. ‘जेवलात का, बरं आहे ना’ हे विचारणं नव्हे. त्याला ‘होय’ एवढंच उत्तर येतं. ‘तुमच्या वेळी पाटाची पाळी कशी ठरायची’ असं विचारावं आणि गप्प बसावं. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी घड्याळाकडे पाहू नये. तरुण पोरांना हे जड जाईल, म्हणून प्रत्येक गावात एक-दोन जाणती माणसं बरोबर द्यावीत. सुनेचंही ऐकावं, कारण दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारी तीच असते, आणि तिला विचारणारं तर कोणीच नसतं. घरात तंटा लावायला जायचं नाही, हे मात्र पक्कं बजावून सांगावं लागेल.

कागदपत्रांतही मदत होईल. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचा महिना दीड हजार रुपये, पात्र असूनही, कागदाअभावी काहींना मिळत नाही. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे, सत्तरीपुढे आयुष्मान कार्डावर उपचार आहेत, १४५६७ हा ज्येष्ठांसाठी मदतीचा फोन आहे. आणि जमिनीविषयी एक. हयातीतच मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून देण्याची घाई गावोगाव दिसते. करायचंच तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. तशी अट असेल आणि ती पाळली नाही, तर २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात ते रद्द करून मागता येतं. पोटगीचा अर्जही तिथंच करायचा असतो. आपल्या शेअरच्या हस्तांतराच्या वेळीही सभासदाला एकट्याला बसवून, कोणी शेजारी नसताना, ‘हे तुमच्या मनाप्रमाणे आहे ना’ असं विचारण्याची पद्धत कार्यालयानं घालावी. सही घेणारा आणि अंगठा धरणारा एकच असू नये.

पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे याचा ठराव मांडण्याचा विचार आहे. सूचक-अनुमोदक म्हणून सही करायची असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव द्यावं. टोळ्यांच्या गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचं काय करता येईल हे मुकादमांना बोलावून विचारावं, असं एक कलम त्यात आहे. दुसरं कलम सभेबद्दल आहे. विषयपत्रिकेतले पहिले तीस मिनिटं सत्तरीपुढच्या सभासदांना बोलायला राखावीत, ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी पुढच्या दोन रांगा सोडाव्यात, आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या जागेवर नेऊन द्यावा.